घामाची वर्गणी

व्यायाम फार महाग झालाय, अशी तक्रार करणारा माणूस ओळखायचा असेल तर त्याच्या पायांकडे बघावं. बूट नवे असतात, आणि सहा महिन्यांनीही नवेच असतात. निश्चय एक तारखेला होतो, पगार झालेला असतो, म्हणून खरेदी दोन तारखेला होते: बूट, बुटांना शोभेल अशी पँट, घाम शोषून घेणारा टी-शर्ट, मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ, आणि किती वाजेपर्यंत किती पाणी प्यायचं याच्या रेघा मारलेली बाटली. जिमची फी वर्षाची एकदम भरली जाते, कारण काउंटरवरचा मुलगा महिन्याचा आणि वर्षाचा हिशेब असा काही मांडतो की महिन्याची फी भरणारा माणूस अडाणी वाटायला लागतो. घाम अजून आलेला नसतो, पण तो शोषायची, मोजायची आणि भरून काढायची सगळी व्यवस्था झालेली असते. मग पंधरा तारखेला गॅस संपतो, मुलाच्या क्लासचा हप्ता येतो, आणि 'आपल्यासारख्यांना नाही परवडत हे' या निष्कर्षावर घर एकमताने येतं. निष्कर्ष चुकीचा आहे, असं मला म्हणायचंय. व्यायाम महाग नाही, कधीच नव्हता. महाग पडतो तो एकट्याने करायचा व्यायाम. चौघांत काढलेला घाम फुकटात निघतो. एकट्याने काढायचा म्हटला की थेंबाथेंबाला पावती फाडावी लागते.

हे म्हणणं तपासून बघायला कसबा बावड्यासारखी जागा नाही. कोल्हापूरच्या उत्तरेला, पंचगंगेच्या काठावरचं हे गाव शहरात कधीचंच मिसळून गेलंय, पण गावपण काही सोडलेलं नाही. इथल्याच लक्ष्मी-विलास पॅलेसमध्ये २६ जून १८७४ रोजी राजर्षी शाहू महाराजांचा जन्म झाला, म्हणजे कुस्तीला राजाश्रय देणारा राजा इथला. छत्रपती राजाराम सहकारी साखर कारखाना इथला, आणि गावाच्या नावाने ओळखली जाणारी मिसळही इथलीच. वजन वाढवायची आणि उतरवायची अशा दोन्ही सोयी एकाच गावात क्वचित सापडतात. सकाळी उजाडता उजाडता न्यू पॅलेसवरून लाईन बझारकडे येणारा रस्ता बघितला तर चालणाऱ्यांच्या दोन जाती स्पष्ट दिसतात. पहिली एकटी चालते, कानात बोंडं घालून, दर दोन मिनिटांनी मनगटाकडे बघत. दुसरी चार-पाच जणांच्या घोळक्याने, रस्त्याचा बराचसा भाग अडवून, पायात रोजच्याच चपला, अंगात कालचाच सदरा, आणि तोंड पायांपेक्षा वेगात. पहिल्या जातीतले चेहरे दर महिन्याला बदलतात. दुसरीतले वर्षानुवर्षं तेच असतात. फार तर कुणाच्या डोक्यावर केसांच्या जागी कानटोपी येते. कारण उघड आहे. घोळक्यातला एखादा दोन दिवस आला नाही, तर तिसऱ्या दिवशी त्याच्या दारात हाक येते, "काय आण्णा, दोन दिस दिसला न्हाईसा? बरं हाय न्हवं?" या प्रश्नात काळजी किती आणि टोमणा किती याचं प्रमाण कुणालाच सांगता येणार नाही. पण तो कानावर पडल्यावर अंथरुणात पडून राहणं जमत नाही. जगातलं सगळ्यात परिणामकारक व्यायामाचं साधन हेच आहे आणि ते कुठल्याही दुकानात मिळत नाही.

पैसे भरले की माणूस बांधला जातो, असा एक समज असतो. फी भरलीय म्हटल्यावर जावंच लागेल, वाया कशी घालवणार? मराठी माणूस तर वाया काही घालवत नाही. लग्नातल्या ताटातली जिलेबी पोट भरल्यावरही संपवतो. पण जिमच्या फीला हा नियम लागू होत नाही, हे दोन अर्थशास्त्रज्ञांनी मोजून दाखवलंय. स्टेफानो डेलाविन्या आणि उल्रिके मालमेंडियर यांनी अमेरिकेतल्या तीन जिमच्या साडेसात हजारांहून अधिक सभासदांची हजेरी तीन वर्षांच्या नोंदींतून तपासली आणि २००६ साली निष्कर्ष छापले. दरमहा सत्तर डॉलरांहून जास्त फी भरणारा सभासद महिन्यातून सरासरी ४.३ वेळा जिमला जात होता. म्हणजे एका खेपेला त्याला सतरा डॉलरांहून जास्त पडत होते, आणि त्याच जिममध्ये दहा खेपांचा पास घेतला असता तर दहा डॉलरांत काम झालं असतं. शोधनिबंधाचं नावच जिमला न जाण्यासाठी पैसे मोजण्याबद्दल होतं. यात जिमवाल्याची लबाडी आहे असं नाही. उलट सगळे सभासद रोज आले तर त्याच्याकडे उभं राहायला जागा उरणार नाही. त्याचा धंदा येणाऱ्यांवर जेवढा चालतो तेवढाच न येणाऱ्यांवरही चालतो, म्हणून 'कुठे होता इतके दिवस?' हा प्रश्न विचारण्यात त्याला काही हित नाही. तो फार तर मोबाइलवर मेसेज पाठवतो, आणि तोही फीच्या नूतनीकरणाचा.

बरं, पैसे बांधत नाहीत, तर फुकट दिल्यावर तरी माणसं धावतात का? याचं उत्तर महाराष्ट्रातल्या कुठल्याही बागेच्या कोपऱ्यात उभं आहे. ओपन जिम म्हणून बसवलेली निळी-पिवळी लोखंडी यंत्रं बघा. फी नाही, वेळेचं बंधन नाही, पावसात भिजली तरी मालकाला दुःख नाही. सुरुवातीचे पंधरा दिवस तिथे रांग लागते. मग पाय झुलवायच्या यंत्रावर नातवंडं झोके घेतात, छाती रुंद करायच्या दांड्यावर कुणाचा तरी टॉवेल वाळत असतो, आणि कंबर फिरवायच्या तबकडीवर एक आजोबा वर्तमानपत्र वाचत सावकाश अर्धवर्तुळात फिरत असतात. सगळ्यात चकचकीत राहतो तो लोकप्रतिनिधीच्या नावाचा फलक. म्हणजे महाग जिम ओस पडते आणि फुकट जिमही ओस पडते. तेव्हा अडचण किमतीत नसावी. दोन्ही ठिकाणी यंत्रं आहेत, विचारणारं माणूस नाही, एवढंच दोन्हीतलं साम्य, आणि माझ्या मते सगळं दुखणं तिथेच आहे.

तालमीत नेमकं उलटं होतं. यंत्र एकही नाही आणि विचारणारे सगळे. कोल्हापूरच्या जुन्या तालमीचा जमाखर्च मांडला तर व्यायामाच्या सामानावरचा खर्च हास्यास्पद निघतो: एक-दोन जोड्या, करेला, एखादा मल्लखांब, आणि तांबड्या मातीचा हौदा. माती चाळून घ्यायची, तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर घालून ती मुरवायची, की ती मऊही राहते आणि खरचटलेल्या अंगाला बाधतही नाही. ही माती रोज खोऱ्याने उकरून वरची खाली करावी लागते, नाहीतर दगडासारखी बसते. नवा पोरगा तालमीत आला की आठवडाभर त्याच्या हाती डावपेच येत नाहीत, खोरं येतं. खांदे, पाठ, मांड्या, दंड, सगळं त्या उकरण्यात निघतं. शहरातल्या जिममध्ये हेच स्नायू एकेक करून वेगवेगळ्या यंत्रांवर झिजवायचे असतात, आणि सगळ्या खटाटोपानंतर जमीन होती तशीच राहते. तालमीत निदान पुढच्याची कुस्ती तरी होते. जोर आणि बैठका यांना तर स्वतःचं अंग सोडून काहीच लागत नाही. मग तालमीला लागतं काय, तर वस्ताद. पहाटे अंधारात तो दारात बसलेला असतो, आणि कोण आलं यापेक्षा कोण आलं नाही याचा हिशेब त्याच्या डोक्यात पक्का असतो. "कुठं उलथला होतास रं काल?" या वाक्यात जेवढं सामर्थ्य आहे तेवढं कुठल्याही मोबाइलच्या गजरात नाही, कारण गजर बंद करता येतो.

शाहू महाराजांना ही गोष्ट नीट कळली होती. १९१२ साली पूर्ण झालेलं खासबाग मैदान बघितलं की ते जाणवतं. मधे आखाडा, चहूबाजूंनी चढत गेलेली बैठक, आणि कुठेही बसलं तरी कुस्ती दिसते. महाराज १९०२ साली युरोपला गेले होते तेव्हा रोमचं कलोसियम पाहून ही कल्पना सुचली, असं सांगतात. रोमची गोष्ट राहू द्या, पण हजारो डोळ्यांसमोर चितपट होण्याची भीती पहाटे चारला माणसाला जागं करते, हे मैदान बांधणाऱ्याला ठाऊक असणार. आणि हजारो माणसं बघायला येतात तेव्हा खर्चही हजारोंत वाटला जातो. पैलवान खाशाबा जाधवांची गोष्ट याच हिशेबात बसते. १९४८च्या लंडन ऑलिंपिकला ते गेले ते कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीवर. १९५२ला हेलसिंकीला जायचं तर पैसे नव्हते. गावाने वर्गणी काढली, आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य बाळासाहेब खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक अशा तऱ्हेने आलं. आजच्या भाषेत खाशाबांचं फिटनेसचं बजेट शून्य होतं. पण ते एकटे नव्हते, म्हणून शून्यापाशी अडायची वेळ आली नाही. आपल्या प्राचार्यांनी आपल्यासाठी घर गहाण टाकलंय हे माहीत असलेला माणूस सकाळी 'आज जरा अंग दुखतंय' म्हणून कूस बदलत नसेल, असं मानायला हरकत नाही.

इथे कोल्हापूरचा वाचक शड्डू ठोकून उभा राहील. तो म्हणेल, तालीम फुकट असेल हो, पण खुराकाचं काय? पैलवान पोसणं म्हणजे हत्ती पोसणं. लिटरांनी दूध, वाटीने तूप, बदामाची थंडाई, आठवड्यातून अनेकदा मटण. एका पैलवानाच्या खुराकात मध्यमवर्गीय घराचा किराणा बसतो. आक्षेप शंभर टक्के खरा आहे, फक्त चुकीच्या माणसाचा आहे. तो खुराक पहाटे हजारभर जोर-बैठका मारून पुन्हा संध्याकाळी लढत धरणाऱ्यासाठी असतो. ज्याला ऑफिसचे दोन जिने न थांबता चढायचेत त्याला नाही. कोल्हापुरातली खरी आपत्ती ही की खुराक सगळ्या गावाने उचलला आणि मेहनत पैलवानाकडेच ठेवली. गंगावेशीत दूध कट्ट्यावर समोर पिळलेलं म्हशीचं दूध ग्लासभर उभ्याने प्यायचं, ही रीत चांगलीच आहे, पण तो ग्लास पिऊन मोटारसायकलवर बसायचं आणि घरी जाऊन झोपायचं हे तिच्यात बसत नव्हतं. कुस्ती सुटल्यावर ज्यांचा खुराक सुटत नाही अशा जुन्या पैलवानांची पोटं आपण बघतो आणि तरीही धडा मात्र खुराकाचाच घेतो. त्यातून पैसेवाल्याने आता बदामाच्या जागी भुकटीचा डबा आणलाय, ज्याच्यावरच्या माणसाचे दंड बघून डब्याची किंमत विसरायची असते. शेंगदाणे, फुटाणे, मोडाची मटकी, ताक आणि अधूनमधून अंडं, एवढ्यावर चालणाऱ्या-पळणाऱ्या साध्या माणसाचं भागतं. पैलवानाचा खुराक आणि कारकुनाची मेहनत हे मिश्रण मात्र कुठल्याही बजेटला परवडत नाही, आणि हृदयाला तर नाहीच.

दुसरा आक्षेप जरा शहाण्या माणसाचा आहे. चौघं कशाला हवेत, तो विचारतो. सूर्यनमस्कार घाला की घरात, सतरंजीवर, कुणालाही न सांगता. बरोबर आहे, इतका स्वस्त आणि इतका पुरा व्यायाम दुसरा नाही. पण सूर्यनमस्कारांचा आधुनिक प्रसार ज्यांनी केला त्या औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी काय केलं ते बघा. राजे स्वतः नेमाने नमस्कार घालत, त्यांनी त्यावर पुस्तक लिहिलं, १९३८ साली त्याची इंग्रजी आवृत्तीही निघाली. पण संस्थानातल्या मुलांच्या बाबतीत ते पुस्तकावर थांबले नाहीत. त्यांनी नमस्कार शाळांत आणले, सगळ्यांनी मिळून घालायचे म्हणून. राजाला आपली प्रजा ठाऊक होती. सतरंजीवर एकटा उभा राहिलेला माणूस पहिल्या आठवड्यात बारा नमस्कार घालतो, दुसऱ्यात सहा, तिसऱ्यात सूर्याला उभ्याउभ्या हात जोडतो आणि चौथ्यात सूर्याच्या आधी उठतच नाही. काही माणसं जन्मभर एकट्याने नेम पाळतात, हे मान्य. अशी माणसं आपला हिशेबही रोज रात्री लिहितात आणि छत्री कधी विसरत नाहीत. त्यांना कुणाच्याच लेखाची गरज नाही. उरलेल्या आपल्यासाठी शेजारी लागतो.

इच्छाशक्ती या गोष्टीवर आपण उगाच फार भार टाकतो. जेरी मॉरिस या ब्रिटिश डॉक्टरने १९५३ साली लंडनच्या दुमजली बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना छापली. दिवसभर बसून राहणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा, दिवसभर जिना चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होता. व्यायाम आणि हृदय यांच्या नात्याचा तो पहिला मोठा पुरावा मानला जातो. पण कंडक्टर मुळातच सडपातळ असतील तर? ही शंका मॉरिसलाही आली, आणि पुढे त्याने चक्क गणवेशांची मापं तपासली. ड्रायव्हरांच्या विजारींचा कंबरेचा घेर नोकरीच्या सुरुवातीपासूनच जास्त निघाला. शिंप्याची वही वैद्यकशास्त्राच्या कामी आली ती अशी, आणि तिने पुरावा थोडा गढूळही केला. तरी पुढच्या अनेक अभ्यासांनी मूळ गोष्ट खरीच ठरवली. मला त्यात रस वेगळ्या कारणासाठी वाटतो. त्या कंडक्टरांपैकी कुणी आरोग्यासाठी जिना चढत नव्हता. वर बसलेला प्रवासी आपणहून खाली येऊन तिकीट काढत नाही, म्हणून चढत होता. प्रवासी हेच त्याचे वस्ताद. कोल्हापूरच्या केएमटी बसला वरचा मजला नाही, पण गर्दीच्या वेळी बावड्याच्या बसमध्ये दाराशी लोंबकळणाऱ्यांतून मागच्या सीटपर्यंत पोचून सुट्टे पैसे मिळवणाऱ्या कंडक्टरला निराळ्या व्यायामाची गरज आहे असं कुणी म्हणू नये.

घड्याळवाल्यांच्या दहा हजार पावलांबद्दलही इथेच उरकून घेऊ. तो आकडा डॉक्टरांनी काढलेला नाही. टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ साली, एका जपानी कंपनीने पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं आणि त्याला दहा हजारांचं नाव दिलं, कारण आकडा ऐकायला गोल होता. २०१९ साली अमेरिकेतल्या वयस्क स्त्रियांवरच्या एका अभ्यासात, रोज २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांचा मृत्यूचा धोका बराच कमी दिसला आणि साडेसात हजारांच्या पुढे फायदा वाढायचा थांबला. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम करा म्हणते, म्हणजे दिवसाला पंचवीस मिनिटंही नाहीत. ही मिनिटं मोजायला घड्याळ लागत नाही; लागतं ते सोबत चालणाऱ्याचं गाऱ्हाणं. भावकीच्या बांधाचा एक वाद सविस्तर सांगायला साधारण तेवढाच वेळ लागतो. आणि ज्यांना मोठी मजल मारायचीय त्यांच्यासाठी माघातले जोतिबाचे खेटे आहेत. पाच रविवार, कोल्हापुरातून वाडी रत्नागिरीपर्यंत, सतराएक किलोमीटर पायी, कित्येक जण अनवाणी, आणि शेवटी डोंगर. नोंदणी फी नाही, छातीला लावायचा नंबर नाही, गळ्यात घालायचं पदक नाही. डोंगर चढताना पुढच्या म्हातारीचा वेग बघून तरुणाची जी मानहानी होते ती मोफत. यातली खुबी पाच या संख्येत आहे. एक रविवार कुणीही चालेल. पण तीन झाले की चौथा सोडता येत नाही, कारण आता देवाबरोबर गल्लीलाही ठाऊक झालेलं असतं.

आता मिसळीचा मुद्दा टाळता येणार नाही. चौघांत चालण्याचे गुण गाणाऱ्याला हा प्रश्न कुणीतरी विचारणारच: घोळका शेवटी कुठे जातो? रविवारी तरी त्याचं उत्तर एकच आहे. पाच किलोमीटर चालून घाम काढायचा आणि मग बाकड्यावर बसून 'जादा कट द्या' म्हणायचं. वर लाल तवंग, खाली मटकी, बाजूला ब्रेडच्या स्लाइस, आणि 'आज चाललोय म्हणून' या सबबीवर दुसरी प्लेट. काढलेलं सगळं परत भरलं जातं, बहुधा व्याजासकट. एकटा चालणारा निदान सरळ घरी जातो. आक्षेप मी मान्य करतो, पण पूर्ण नाही. पहिलं म्हणजे व्यायामाने होणारं भलं सगळं वजनातच मोजायचं नसतं; रक्तदाब, साखर, झोप, गुडघे यांना चालल्याचा फायदा काट्याला न कळताही होतो. दुसरं म्हणजे मिसळ आठवड्यातून एकदा, चालणं सात दिवस. आणि तिसरं, ते मला सगळ्यात पटतं, की रविवारच्या मिसळीच्या लोभाने जो सोमवार ते शनिवार उठतो त्याच्या बाबतीत ती न्याहारी नसून हजेरीची लाच आहे. लाच घेऊन का होईना काम होतंय, हा अनुभव आपल्याला नवा नाही. एवढं मात्र खरं की दुसऱ्या प्लेटचा बचाव माझ्याकडे नाही.

ज्यांची अंगमेहनत पोटासाठी चालते त्यांना हे सगळं लागू नाही, हेही सांगायला हवं. कारखान्याच्या हंगामात फडात ऊस तोडून मोळ्या डोक्यावरून गाडीत चढवणाऱ्याला फिटनेसचा सल्ला देणं हा निव्वळ उद्धटपणा आहे. त्याला कमी पडते ती विश्रांती आणि जेवण.

खरा अवघड आक्षेप शेवटी येतो, आणि तो बायकांचा आहे. चारचौघांचे डोळे माणसाला अंथरुणातून उठवतात, असं मी मघापासून म्हणतोय. पण हेच डोळे बाईला घरात बसवतात. आण्णा दोन दिवस दिसले नाहीत तर 'बरं हाय न्हवं?', आणि वहिनी दोन दिवस दिसल्या तर 'काय हो, सकाळी सकाळी कुठं?' तालमीची दारं पिढ्यानपिढ्या बाईला बंद राहिली. पुरुषांची महाराष्ट्र केसरी १९६१ साली सुरू झाली. महिलांची पहिली २०२३ साली सांगलीत झाली. मधली बासष्ट वर्षं मुली काय फक्त डबे भरत नव्हत्या. बावड्याच्या जवळच, नदीपलीकडच्या वडणग्याची रेश्मा माने त्याआधीच कुस्तीत देशासाठी खेळून आली होती. 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'ने २०२४ साली दिलेल्या अंदाजानुसार भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेसे हलत नाहीत, म्हणजे पुरुषांतले ४२ टक्के तर बायकांतल्या ५७ टक्के. बायका दिवसभर राबतात, मग त्या हलत कशा नाहीत, असं विचारणाऱ्याने ओट्यासमोर चार तास उभं राहून बघावं. थकवा येतो, दम लागत नाही. तेव्हा माझा सिद्धांत इथे अर्धा कोसळतो, असं वाटेल. मला वाटतं तो कोसळत नाही, फक्त त्याची दुसरी बाजू दिसते: कोणते चारचौघं, हे महत्त्वाचं. एकटी बाई चालायला निघाली तर प्रश्न तिला विचारला जातो. सहा जणी निघाल्या तर प्रश्न विचारणाऱ्यालाच गोठ्यात काहीतरी काम आठवतं. लाईन बझारच्या रस्त्यावर साडीवर स्वेटर आणि पायात कॅनव्हासचे बूट घातलेले असे घोळके आता दिसतात, आणि त्यांच्यात गैरहजेरीची चौकशी वस्तादाला लाजवेल इतक्या कसोशीने होते.

पावसाळ्यात मात्र या घोळक्यांची पंचाईत होते. राजाराम बंधारा पाण्याखाली गेला, पंचगंगा एकोणचाळीस फुटांची इशारा पातळी ओलांडून त्रेचाळीसच्या धोक्याकडे निघाली, की रस्ता, बाग, मैदान सगळंच बंद. जिमवाल्याचा हंगाम तो हाच. पण गल्लीत पक्क्या छताची, फरशीची, वारा खेळता असलेली एक इमारत असतेच, आणि ती म्हणजे तालीम. बहुतेक तालमी आता फुटबॉल आणि गणपती यांच्यापुरत्या उरल्या आहेत. दुपारी एक ते चार तिथे कुलूप असतं, नाहीतर कॅरम चालतो. त्या तीन तासांत पंधरा बायकांनी सूर्यनमस्कार घातले तर खर्च सतरंज्यांचा, आणि सतरंज्या मंडळाच्या आहेतच. आत मारुती आहे, तो ब्रह्मचारी, बायका कशा चालतील, असा मुद्दा लगेच निघेल. मारुतीची हरकत असल्याचं कुठे नमूद नाही. हरकत असेल ती कॅरमवाल्यांची, आणि त्यांच्या आया त्या पंधरांतच असणार. कुलपाची किल्ली कुणाच्या घरी खुंटीला असते हे गल्लीतल्या प्रत्येकीला माहीत आहे. मागायला जाताना तेवढं सहा जणींनी मिळून जावं.